कडेला उभा राहणारा: फिलिप लाम आणि साइड बॅकचं काम

शाळेच्या मैदानावर संघ पाडायची एक ठरलेली रीत होती. चांगली खेळणारी पोरं आधी उचलली जायची, ती पुढे. ज्याचा चेंडू, तो मध्ये. अंगाने भरलेला असेल तो गोलकीपर. आणि शेवटी उरलेल्या पोराला सांगितलं जायचं, "तू त्या कडेला थांब. चेंडू आला की बाहेर मार." ते उरलेलं पोर बहुतेक वेळा मीच असायचो. त्या जागेला साइड बॅक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. त्या जागेवर उभं राहून एखादा माणूस आपल्या पिढीतला सर्वोत्तम ठरू शकतो, हे तर त्याहून उशिरा. तो माणूस म्हणजे जर्मनीचा फिलिप लाम.

लामची कारकीर्द आकड्यांत सांगायला गेलं की पंचाईत होते. उंची १७० सेंटीमीटर, म्हणजे बचावपटूंच्या रांगेत कुणाचा तरी धाकटा भाऊ शोभावा अशी. बायर्न म्युनिक या जर्मन क्लबकडून ५१७ सामने, त्यात गोल १६. जर्मनीकडून ११३ सामने, गोल ५. हे वाचून कुणी खुर्चीतून उठणार नाही. पण त्याच माणसाकडे बुंडेसलीगाची, म्हणजे जर्मनीतल्या अव्वल लीगची ८ विजेतेपदं आहेत, जर्मन कप ६ वेळा, युरोपातल्या बड्या क्लबांची चॅम्पियन्स लीग एकदा आणि २०१४चा विश्वचषक, तोही कर्णधार म्हणून. आणि अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत बचावपटू असून त्याला एकदाही मैदानाबाहेर काढलं गेलं नाही. एकही लाल कार्ड नाही. माझ्या मते लामला समजून घ्यायचं तर या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करावी.

आधी जागा समजून घेऊ. मोठ्या सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. गोलकीपरच्या पुढे सहसा चार बचावपटूंची ओळ. मधले दोघे उंच, धिप्पाड. आपल्याकडे जुने लोक त्यांना स्टॉपर म्हणतात. त्यांचं काम सरळ आहे: गोलसमोर येईल ते डोक्याने, पायाने परतवायचं. कडेचे दोघे म्हणजे लेफ्ट बॅक आणि राइट बॅक. त्यांच्या अंगावर येतात ते समोरच्या संघातले सगळ्यात चपळ खेळाडू, म्हणजे विंगर. मदतीला असते ती बाजूची पांढरी रेषा. रेषा तुमचा एक बाजूचा रस्ता अडवते, तसाच विंगरचाही अडवते. ती कुणाच्या बाजूने खेळणार, हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं.

कबड्डी पाहणाऱ्याला हे लवकर कळेल. कोपरारक्षक कोपऱ्यात दबा धरून उभा असतो. चढाईपटू पाय पुढे टाकून त्याला भुलवत असतो. जो कोपरारक्षक पहिल्याच भुलीला घोट्याकडे झेपावतो, तो हात लावून घेऊन बाहेर बसतो. जो थांबतो, चढाईपटूला आत येऊ देतो आणि त्याचा तोल पुढच्या पायावर गेला की मगच धरतो, त्याची पकड बसते. तोवर शेजारचा कव्हरवाला पोचलेला असतो. साइड बॅकचंही असंच. फरक इतकाच की कबड्डीत धरायला हात असतात. इथे माणसाला नुसतं उभं राहून अडवायचं असतं.

समजा विंगरला कडेला चेंडू मिळाला. कच्चा बचावपटू धावत अंगावर जातो. विंगरला हवं असतं तेच. तो चेंडू एका बाजूने ढकलतो, दुसऱ्या बाजूने पळतो आणि आपला गडी गवतावर. लाम काय करायचा? आधी वेगाने अंतर कमी करायचा, पण शेवटच्या दोन-तीन पावलांवर ब्रेक. छाती सरळ समोर न ठेवता अंग तिरकं, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. तिरकं उभं राहण्याला कारण आहे. छाती समोर ठेवून उभं राहिलं तर मागे वळायला अख्खं शरीर फिरवावं लागतं आणि त्या अर्ध्या सेकंदात विंगर निघून जातो. शिवाय कुठल्या बाजूने तिरकं उभं राहायचं यावरून विंगरला कुठला रस्ता उघडा ठेवायचा तेही तुम्हीच ठरवता. सहसा रेषेकडचा, कारण तिकडे जाऊन तो फार तर क्रॉस मारेल, म्हणजे कडेवरून चेंडू गोलसमोर टाकेल, आत आला तर थेट गोलवर. मग वाट पाहायची. विंगर खांदे हलवतो, चेंडूवरून पाय फिरवतो. लामची नजर चेंडूवर. कधीतरी चेंडू विंगरच्या पायापासून वीतभर जास्त लांब जातो. तेवढ्यात बुटाचं टोक मध्ये येतं, चेंडू सुटतो आणि लाम तो घेऊन उलट दिशेने निघालेलाही असतो.

यात घसरत जाऊन केलेला टॅकल नाही, आरडाओरडा नाही, पंचाची शिट्टी नाही. टीव्हीवर पुन्हा दाखवायलाही काही नाही. लाल कार्डाचं कोडं इथे सुटतं. घसरून टॅकल हा बहुतेक वेळा उशीर झाल्याची कबुली असतो, आणि लामला उशीर क्वचितच व्हायचा. चेंडू येण्याआधीच तो जागेवर असायचा.

हे तो कुठे शिकला? म्युनिकच्या गेर्न भागात. जन्म ११ नोव्हेंबर १९८३. तिथल्या एफटी गेर्न या छोट्या क्लबात खेळायला सुरुवात झाली. घरातल्या सगळ्यांचाच त्या क्लबशी संबंध होता. अकराव्या वर्षी बायर्न म्युनिकच्या मुलांच्या संघात. तिथल्या प्रशिक्षकांमध्ये हेरमान हुमेल्स होते, पुढे लामसोबत विश्वचषक जिंकलेल्या माट्स हुमेल्सचे वडील. हा पोरगा बुंडेसलीगात पोचला नाही तर मग दुसरं कुणीच पोचणार नाही, असं ते लामबद्दल म्हणायचे. उंची पाहून बाकीच्यांना तेवढी खात्री वाटत नसावी.

नोव्हेंबर २००२मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये फ्रान्सच्या लान्स क्लबविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी त्याला बायर्नकडून पहिल्यांदा मैदानावर पाठवलं गेलं. पण तेव्हा बायर्नच्या डाव्या कडेला फ्रान्सचा विश्वविजेता लिझाराझू होता, उजव्या कडेला सान्योल. एकोणीस वर्षांच्या पोराला जागा कुठून मिळणार? क्लबने त्याला दोन वर्षांसाठी श्टुटगार्टला उसना दिला. उसना देणं म्हणजे नाव मूळ क्लबच्या वहीत आणि खेळणं दुसऱ्याकडे. युरोपात ही नेहमीची गोष्ट आहे.

श्टुटगार्टला फेलिक्स मागाट प्रशिक्षक होते, कडक शिस्तीचे म्हणून नावाजलेले. तिथे उजवी कड आंद्रेआस हिंकेलची होती. मागाटनी उजव्या पायाच्या लामला डाव्या कडेला उभं केलं. ही त्या वेळची तडजोड होती, पण लामच्या पुढच्या अर्ध्या कारकिर्दीचा आकार तिने ठरवला.

उजव्या पायाचा माणूस डावीकडे उभा केला तर काय होतं? नुकसान उघड आहे. रेषेच्या कडेने पळत जाऊन क्रॉस मारायचा तर डावा पाय लागतो. नाहीतर थांबून, चेंडू उजव्या पायावर घेऊन मारावा लागतो आणि तोवर समोरचा बचाव जागेवर येतो. फायदा मात्र सहज दिसत नाही. असा खेळाडू आत वळला की त्याचा चांगला पाय गोलच्या बाजूला येतो. विंगरना उलट्या कडेला खेळवायची पद्धत पुढे सगळीकडे पसरली, पण मागच्या ओळीतल्या माणसाने असं आत येणं समोरच्याला तेव्हा अपेक्षित नसायचं.

९ जून २००६. विश्वचषकाचा पहिलाच सामना, तोही म्युनिकमध्ये, जर्मनी विरुद्ध कोस्टारिका. काही आठवड्यांपूर्वी लामच्या डाव्या कोपराला दुखापत होऊन शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे हाताला संरक्षक पट्टा. त्याआधीच्या वर्षी पायाचं हाड आणि नंतर गुडघ्याचा लिगामेंट, दोन्ही होऊन गेलं होतं. सहाव्या मिनिटाला डाव्या कडेला त्याला चेंडू मिळाला. अंगावर आलेल्या बचावपटूला चुकवून तो आत वळला आणि पेटीच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यातून उजव्या पायाने चेंडू वळवत लांबच्या वरच्या कोपऱ्यात मारला. स्पर्धेतला पहिला गोल साइड बॅकचा. जर्मनीने सामना ४-२ने जिंकला आणि लाम त्या स्पर्धेत जर्मनीच्या एकाही मिनिटाला बाहेर बसला नाही.

आता २२ जून २०१२ची चित्रफीत लावून बघा. ग्दान्स्क, युरो कपची उपांत्यपूर्व फेरी, समोर ग्रीस. पुन्हा डावी कड, पुन्हा आत वळणं, पुन्हा उजव्या पायाचा लांबून फटका, पुन्हा गोल. सहा वर्षांत सगळ्या जगाला माहीत झालेली युक्ती, तरी चालली. माहीत असणं आणि अडवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्लीत एकच फटका येणाऱ्या पोरानेही आपल्याला हे शिकवलेलं असतं.

लामच्या चुका शोधायच्या तर २००८च्या युरो कपकडे जावं लागतं. एकाच आठवड्यात दोन सामने. २५ जूनला बाझेलला उपांत्य सामना तुर्कस्तानशी. प्रसारण केंद्र होतं व्हिएन्नात; त्या रात्री तिथे वादळ झालं, केंद्राची वीज गेली आणि उत्तरार्धात जगभरचं चित्र मधूनमधून गायब होत होतं. ८६व्या मिनिटाला तुर्कस्तानचा साब्री लामच्या अंगावरून निसटला, त्याने चेंडू गोलसमोर टाकला आणि सेमीहने बरोबरी साधली, २-२. ही चूक लामचीच. चार मिनिटांनी हाच लाम डावीकडून पुढे सरकला, हिट्झ्लस्पेर्गरशी चेंडूची देवाणघेवाण करत थेट पेटीत घुसला आणि गोल. ३-२.

एखाद्याने इथेच गोष्ट संपवली असती. पण २९ जूनला व्हिएन्नात स्पेनशी अंतिम सामना होता. ३३व्या मिनिटाला झावीने बचावाच्या मागे चेंडू सोडला. लाम टोरेसच्या पुढे होता, चेंडू त्याच्या आवाक्यात होता आणि गोलकीपर लेमान पुढे धावत येत होता. कीपर घेईल असं वाटून लाम क्षणभर थबकला असावा. टोरेस थबकला नाही. तो बाजूने वळसा घालून पुढे गेला आणि लेमानवरून चेंडू हलकेच उचलून गोलमध्ये टाकला. सामना १-०ने गेला. मध्यंतरानंतर लाम मैदानावर परतला नाही.

हा गोल मी कितीतरी वेळा पाहिलाय, आणि साइड बॅक समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. पुढच्या खेळाडूने दहा चुका करून एक गोल मारला तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मागच्या माणसाने नव्वद मिनिटं बिनचूक काढली आणि एक क्षण संकोचला तर अंतिम सामना गेला. शिवाय ती चूक कौशल्याची नव्हती, वेगाचीही नव्हती. "कीपर!" किंवा "माझा!" असा एक शब्द कुणीतरी वेळेवर ओरडायला हवा होता. मैदानाजवळ बसून सामना पाहिलात तर बचावपटू किती बडबडतात ते कळतं. टीव्हीवर ते ऐकू येत नाही.

शांत चेहऱ्याचा हा माणूस मैदानाबाहेर गप्प बसणारा मात्र नव्हता. नोव्हेंबर २००९मध्ये त्याने एका मोठ्या जर्मन दैनिकाला मुलाखत दिली आणि आपल्याच क्लबकडे खेळाचं धोरण नाही, खेळाडू विकत घेताना योजना नाही, असं स्पष्ट बोलला. क्लबने मोठा दंड केला. पण लाम जे बोलला तेच काम नवे प्रशिक्षक लुई फान हाल तेव्हा करत होते, आणि मोसमाच्या शेवटी बायर्न लीग व कप जिंकून माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला. तो इटलीच्या इंटरकडून हरला, हा भाग वेगळा.

२०१०च्या विश्वचषकाच्या तोंडावर जर्मनीचा कर्णधार मिखाएल बालाक जखमी झाला आणि कर्णधाराचा पट्टा लामच्या दंडावर आला; विश्वचषकातला जर्मनीचा सर्वात तरुण कर्णधार. स्पर्धा सुरू असतानाच हा पट्टा परत द्यायला आवडणार नाही असं तो जाहीरपणे म्हणाला. त्यावरून बरंच वादळ उठलं. बालाक मोठा, धिप्पाड, संघाला खांद्यावर उचलून नेणारा जुन्या पद्धतीचा पुढारी. लामचं म्हणणं असं की संघ अनेकांनी मिळून चालवायचा असतो. जर्मनीत या दोन विचारांवर तेव्हा पेपरच्या पेपर भरले. बालाक त्यानंतर जर्मनीकडून कधीच खेळला नाही. मला यात लामचा थोडा धूर्तपणाही दिसतो आणि त्यात वाईट काही वाटत नाही.

२०११च्या सुरुवातीला तो बायर्नचाही कर्णधार झाला. हाच बायर्न जानेवारी २०१२मध्ये दिल्लीत बायचुंग भुतियाच्या निरोपाच्या सामन्यात भारताविरुद्ध खेळून ४-०ने जिंकून गेला. पण त्या वर्षीची खरी तारीख १९ मे. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना म्युनिकमध्ये, बायर्नच्या घरच्याच मैदानावर. बव्हेरियन बोलीत लोक त्याला 'फिनाले दाहोआम' म्हणत होते, म्हणजे घरचा अंतिम सामना. ८३व्या मिनिटाला आघाडी, ८८व्या मिनिटाला इंग्लंडच्या चेल्सी क्लबच्या द्रोग्बाची बरोबरी आणि मग पेनल्टीवर पराभव. पहिली पेनल्टी लामने घेतली होती आणि ती गोलमध्ये गेली होती. वर्षभराने २५ मे २०१३ला लंडनच्या वेम्ब्लीवर जर्मनीच्याच डॉर्टमुंड क्लबला २-१ने हरवून त्याने तो चषक उचलला. त्या मोसमात लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही चषक बायर्नकडे होते. एकाही जर्मन क्लबला तोवर ते जमलं नव्हतं.

त्या संघाच्या उजव्या कडेला जे चालायचं ते सावकाश बघण्यासारखं आहे. लामच्या पुढे आर्येन रॉबेन खेळायचा. रॉबेन डाव्या पायाचा. त्याला चेंडू मिळाला की तो आत वळणार आणि डाव्या पायाने गोलवर मारणार, हे लहान मुलालाही ठाऊक होतं. मग दोन बचावपटू त्याला आतल्या बाजूने कोंडायला यायचे. नेमक्या त्या वेळी लाम मागून रॉबेनला वळसा घालून रेषेच्या कडेने पूर्ण वेगात पुढे जायचा. याला ओव्हरलॅप म्हणतात. आता समोरच्या लेफ्ट बॅकने काय करायचं? लामच्या मागे गेला तर रॉबेनला आतला रस्ता मोकळा. रॉबेनवर राहिला तर लाम एकटा सुटतो आणि क्रॉस येतो. गंमत म्हणजे दहापैकी बहुतेक वेळा लामला चेंडू मिळायचाच नाही. साठ मीटर पळून जायचं, एका बचावपटूला सोबत ओढून न्यायचं आणि रॉबेनने गोलवर फटका मारला की परत साठ मीटर मागे पळायचं. हे नव्वद मिनिटं. धावण्याचं श्रेय कुठेच नोंदवलं जात नाही, पण रॉबेनसमोर मोकळी झालेली ती दोन मीटरची जागा लामने पळून मिळवलेली असायची.

आणि मग २०१३च्या उन्हाळ्यात पेप ग्वार्डिओला बायर्नचे प्रशिक्षक म्हणून आले. ऑगस्टच्या अखेरीस प्रागमध्ये चेल्सीविरुद्ध सुपर कपचा सामना होता. ग्वार्डिओलांनी त्यात लामला थेट मैदानाच्या मध्यावर, बचावाच्या पुढे उभं केलं. तीस वर्षांचा होत आलेला, जगातला सर्वोत्तम साइड बॅक, आणि त्याला कडेवरून काढून मध्ये? ग्वार्डिओलांचं त्यावर म्हणणं असं की मी शिकवलेल्या खेळाडूंत हा बहुधा सर्वात हुशार आहे.

इथे फुटबॉलमधला एक मोठा बदल घडत होता. साइड बॅकने कडेनेच वर-खाली पळायचं, ही जुनी समजूत. ग्वार्डिओलांचा विचार वेगळा होता. चेंडू आपल्याकडे असताना साइड बॅकने आत सरकून मधल्या खेळाडूच्या शेजारी यायचं. याचे दोन फायदे. एक, मध्यावर आपला एक माणूस वाढतो आणि चेंडू खेळवायला सोपं जातं. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, चेंडू हातचा गेला तर समोरच्या संघाचा प्रतिहल्ला ज्या मधल्या पट्ट्यातून येतो तिथे आपले लोक आधीच उभे असतात. बायर्नमध्ये उजवीकडून लाम किंवा राफिन्या आणि डावीकडून आलाबा असे आत सरकायचे. आज मोठ्या क्लबांचे सामने पाहताना साइड बॅक मध्येच मैदानाच्या मध्यावर का दिसतो असा प्रश्न पडला, तर त्याचं उत्तर बऱ्याच अंशी या मोसमात आहे.

पण हे प्रत्येकाला जमत नाही. कडेला उभ्या माणसाच्या पाठीशी रेषा असते. सगळा खेळ त्याच्या एकाच बाजूला. मध्ये आलात की चारही बाजूंनी माणसं. चेंडू पायात येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवावं लागतं. लामला ते लगेच जमलं, कारण कडेलाही तो हेच करत आला होता.

या बदलामुळे २०१४च्या विश्वचषकात जर्मनीत घमासान झालं. प्रशिक्षक योआखिम लोव्हनी लामला बायर्नसारखंच मध्यावर खेळवलं. श्वाइनस्टायगर आणि खेदिरा दुखापतीतून नुकतेच उठले होते. मागच्या ओळीत मात्र चौघेही मुळात स्टॉपर: बोआटेंग, मेर्टेसाकर, हुमेल्स आणि ह्योवेडेस. पोर्तुगालला ४-०ने हरवल्यावर सगळे खूश. मग घानाशी २-२, अमेरिकेशी कसाबसा १-०. पेपरवाल्यांपासून चहा पिणाऱ्यांपर्यंत, माफ करा, जर्मनीत बिअर पिणाऱ्यांपर्यंत, सगळ्यांचा एकच धोशा: लामला कडेला पाठवा. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. उंच स्टॉपर कडेने धावत वर जात नाहीत. मग सगळा हल्ला मध्येच गोळा होतो आणि समोरच्या संघालाही मध्येच दाटी करून बसता येतं.

लोव्ह ऐकेनात. शेवटी निर्णय एका स्नायूने घेतला. अल्जीरियाविरुद्ध उजवीकडे खेळणारा मुस्ताफी ७०व्या मिनिटाच्या सुमाराला जखमी झाला, त्याच्या जागी खेदिरा मध्यावर आला आणि लाम उजव्या कडेला सरकला. तो सामना जादा वेळेत २-१ने सुटला. पुढच्या फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात लाम सुरुवातीपासून राइट बॅक होता आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

८ जुलैचा ब्राझीलविरुद्धचा उपांत्य सामना आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू झाला होता. घरातले झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. जर्मनीचा पहिला गोल झाल्यावर काही मिनिटांनी ब्राझीलचा मार्सेलो पेटीत घुसला. एरवी जमिनीवर न जाणारा लाम इथे घसरत गेला आणि नेमका चेंडू काढून घेतला. मार्सेलो पेनल्टी मागत राहिला, पंचांनी लक्ष दिलं नाही. इंचभर चुकला असता तर १-१ झालं असतं आणि ती रात्र वेगळी गेली असती. पुढे तिसरा गोल: उजवीकडून लामने चेंडू आत टाकला, म्युलरचा पाय हवेत फिरला, मागून आलेल्या क्रोसने डाव्या पायाने तो हाणला. सहावा गोल: पुन्हा उजवीकडून लाम, आत सरळ पास, श्युर्लेने फक्त दिशा दिली. ७-१ हा आकडा सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यातल्या दोन गोलांची वाट साइड बॅककडून गेली हे कुणी सांगत नाही.

१३ जुलैला माराकानावर ग्योत्झेच्या ११३व्या मिनिटाच्या गोलने अर्जेंटिना हरला आणि लामने विश्वचषक उचलला. पाचच दिवसांनी, १८ जुलैला, त्याने जर्मनीकडून खेळणं थांबवल्याचं जाहीर केलं. वय ३० वर्षं. चेंडूप्रमाणे निवृत्तीलाही तो वेळेआधी पोचला होता म्हणायचं.

क्लबकडून खेळणं आणखी तीन मोसम चाललं. त्यातली एक आठवण हटकून सांगावीशी वाटते. २८ एप्रिल २०१५, जर्मन कपचा उपांत्य सामना, समोर डॉर्टमुंड, निकाल पेनल्टीवर. पहिला आला लाम. धावत आला, उभा पाय सटकला आणि चेंडू उंच आकाशात. दुसरा आला झाबी आलोन्सो. त्याचाही पाय सटकला. तिसऱ्या ग्योत्झेची पेनल्टी अडवली गेली आणि चौथी मारायला आलेल्या गोलकीपर नॉयरने चेंडू आडव्या दांड्यावर मारला. चारपैकी शून्य. वर्षानुवर्षं ज्याच्या पायाखालची जागा कधी चुकली नाही, त्याला त्या रात्री जमिनीनेच दगा दिला.

फेब्रुवारी २०१७मध्ये, करार एक वर्ष शिल्लक असताना, त्याने मोसमाअखेर थांबणार असं सांगितलं. २० मे २०१७ला फ्रायबुर्गविरुद्ध शेवटचा सामना झाला. आलोन्सोचाही तोच शेवटचा. त्या वर्षी जर्मन क्रीडा पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडलं. हा मान त्याला पहिल्यांदाच मिळाला, आणि तोही बूट टांगल्यावर. त्याची जागा योशुआ किमिचने घेतली. तोही कधी राइट बॅक, कधी मध्यावर, आणि नक्की कुठे खेळवावं यावर जर्मनीत पुन्हा तोच वाद.

जर्मनीत झालेल्या २०२४च्या युरो कपचा लाम स्पर्धासंचालक होता. यजमानांचा प्रवास ५ जुलैला श्टुटगार्टमध्ये संपला, लाम जिथे उसना म्हणून गेला होता त्याच शहरात, स्पेनविरुद्ध, जादा वेळेत. त्या सामन्यात मुसियालाचा फटका स्पेनच्या लेफ्ट बॅकच्या हाताला लागला होता आणि पंचांनी पेनल्टी दिली नव्हती. कुकुरेया त्याचं नाव, केसांचं मोठं टोपलं असलेला. पुढे म्युनिकच्या उपांत्य सामन्यात आणि बर्लिनच्या अंतिम सामन्यात त्याच्या पायात चेंडू आला की जर्मन प्रेक्षक शिट्ट्या घालत होते. १४ जुलै, बर्लिन, ८६वं मिनिट, स्पेन आणि इंग्लंड १-१. कुकुरेया डाव्या कडेने मागून धावत वर आला, त्याने चेंडू जमिनीलगत गोलसमोर टाकला, ओयार्साबालने घसरत पाय लावला आणि स्पेन जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या बऱ्याच फोटोंत ओयार्साबाल होता.